मागे वळून पाहणारी चक्रवाकी

डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक विस्तीर्ण तळे होते आणि तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर एक साळुंकी राहत असे. मुलांनो, साळुंक्यांची जात तशी बोलभांडच. पण ही साळुंकी पक्ष्यांच्या सभेची सभासद असूनही सभेत तिने कधी चोच उघडली नव्हती. सभा भरायची भर दुपारी, जेवणे उरकल्यावर, गार सावलीत. राजा गरुडाकडून प्रस्ताव आला की सभापती धनेश तो सर्वांना ऐकवी आणि ज्याला तो मान्य असेल त्याने मान पंखात खुपसायची, अशी तिथली जुनी रीत होती. आता भरल्या पोटी, उन्हाच्या वेळी पक्ष्याची मान आणखी कुठे जाणार? प्रत्येक प्रस्ताव एकमताने मंजूर होई आणि सभापतीही घोरू लागे.

असाच एक प्रस्ताव काही वर्षांपूर्वी मंजूर झाला होता. थंडीत उत्तरेकडून पाहुण्या पक्ष्यांचे थवे तळ्यावर उतरत. एकदा त्यांच्यात शिकाऱ्याने शिकवलेले एक फितूर बदक मिसळले आणि त्याच्या मागोमाग गेलेली कितीतरी बदके जाळ्यात सापडली. सगळे हादरून गेले. तेव्हा ससाण्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांवर गुपचूप नजर ठेवावी आणि संशय येईल त्याला अडवावे, असे ठरले. ठरले होते ते एका हिवाळ्यापुरते. पण दर वर्षी मुदतवाढ मागितली जाई आणि दर वर्षी माना पंखात जात.

यंदा हिवाळा सरला आणि थवे परतीला निघाले. साळुंकीची जुनी मैत्रीण चक्रवाकी पंख पसरणार, तोच ससाण्यांच्या नायकाने तिला अडवले. तिच्या थव्याने डोक्यावर घिरट्या घातल्या, वाट पाहिली आणि अखेर तो निघून गेला. त्या थव्यात तिचे पिल्लूही होते.

"माझा गुन्हा तरी काय?" चक्रवाकीने विचारले.

"ते सांगायची मुभा नाही," नायक म्हणाला.

चक्रवाकी साळुंकीला म्हणाली, "आता लवकरच वारे फिरतील. मग मला डोंगर ओलांडता येणार नाही, आणि इथला उन्हाळा काही मला सोसायचा नाही."

साळुंकी तणतणत नायकाकडे गेली. "कुणाच्या हुकमानं अडवलंत तिला?"

"तुमच्याच," नायक शांतपणे म्हणाला. "सभेनं मंजुरी दिली आहे. गेल्या खेपेला तुमचीही मान पंखात होती, ताई. मी समोरच बसलो होतो."

साळुंकी ओशाळली. झोपेत आपण काय देऊन बसलो, हे तिला आज कळले. पण नुसते लाजून चक्रवाकीची सुटका होणार नव्हती. मुदतवाढीची सभा दुसऱ्याच दिवशी होती. साळुंकी फांदीफांदीवर हिंडली. "उद्या फक्त जागे राहा," एवढेच तिने प्रत्येकाला सांगितले.

"आम्हाला काय त्याचं?" पोपट म्हणाला. "आमच्या मागे थोडंच कुणी लागलंय?"

"तुला कसं ठाऊक?" साळुंकी म्हणाली. "चक्रवाकीलाही काल ठाऊक नव्हतं."

पोपटाने चोचीतली शेंग खाली टाकली आणि हळूच आजूबाजूला पाहिले.

दुसऱ्या दिवशी धनेशाने प्रस्ताव सांगितला. ऊन रणरणत होते. माना कलू लागल्या. तेवढ्यात साळुंकी म्हणाली, "मला आधी नायकांना काही विचारायचं आहे."

"असा पायंडा नाही, बाई," धनेश जांभई देत म्हणाला.

"मग आज पाडू या, आजोबा."

जो पेंगेल त्याच्या कानाशी जाऊन ती असा कलकलाट करी, की बिचारा धडपडून ताठ बसे. झोपमोड झालेले पक्षी तिच्यावर चिडले, पण जागे राहिले. मग ती नायकाकडे वळली. "इतक्या वर्षांत फितूर किती सापडले?"

"ते गुपित आहे. सांगितलं तर शत्रू सावध होईल."

"शत्रूला सांगू नका, सभेला सांगा. मुभा सभेनं दिली आहे."

नायकाने सभेवर नजर फिरवली. एकही मान पंखात नव्हती. "एकही नाही," तो म्हणाला.

"मग चक्रवाकीवर संशय कशावरून?"

"हिवाळ्याच्या सुरुवातीला इथे येताना ती सारखी मागे वळून पाहत होती. फितुराच्या ज्या खुणा आम्ही ठरवल्या, त्यांतली ही पहिली."

पाण्याच्या कडेला उभी असलेली चक्रवाकी म्हणाली, "माझं पिल्लू यंदा पहिल्यांदाच एवढं लांब उडालं. ते मागे पडत होतं."

"मग मीही फितूरच म्हणायची," टिटवी म्हणाली. "पिल्लं मागे असली की मीही वळून बघते."

तेव्हा जाळ्यातून वाचलेले एक म्हातारे बदक पुढे आले. "आम्हाला जाळ्यात नेणाऱ्यानं एकदाही मागे पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "त्याच्या मागे त्याचं कुणी नव्हतंच."

नायक वाईट नव्हता. नेमून दिलेले काम करीत होता. "आजवर हे कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

सभेने पहारा मोडला नाही, कारण जाळी अजून होतीच. पण ज्याला अडवाल त्याला त्याच दिवशी कारण सांगायचे, दर पौर्णिमेला नायकाने सभेपुढे येऊन उत्तरे द्यायची आणि यापुढे सभा सकाळी भरवून मान वर करूनच होकार द्यायचा, असे ठरले. धनेश आपल्या दुपारच्या झोपेच्या आठवणीने हळहळला, पण त्यानेही मान वर केली.

त्याच क्षणी चक्रवाकी मोकळी झाली. वारा अजून फिरला नव्हता. ती उडाली आणि डोंगरावर पोहोचताच तिने मागे वळून पाहिले. अर्जुनाच्या शेंड्यावर साळुंकी मान उंच करून बसली होती. ससाणेही आपापल्या जागी होते. त्यांतला एकही तिच्या मागे उडाला नाही.

तात्पर्य : पहाऱ्याची मुभा देणाऱ्यांनी पहारेकऱ्यांना जाब विचारत राहिले पाहिजे; तेच डोळे मिटून बसले, तर संशयाच्या फेऱ्यात निरपराधच सापडतात.