न धुतलेला कोयता

अपरान्ताच्या, म्हणजे कोकणच्या, किनाऱ्यावर शूर्पारकाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व माडांचा रस काढणाऱ्या एका गावात प्रमुखाच्या कुळात जन्मला. त्याचे नाव सुतन. वडिलांमागे तोच गावाचा प्रमुख झाला.

गाव माडाच्या पोयीवर जगत असे. न उमललेला हा फुलोरा रोज थोडा कापायचा, खाली मडके बांधायचे आणि पहाटे रस उतरवून त्याचा गूळ करायचा, हा त्यांचा व्यवसाय. हंगामाचा पहिला काप मात्र प्रत्येक माडावर प्रमुखानेच आपल्या वडिलोपार्जित कोयत्याने द्यावा आणि अखेरचा माड होईपर्यंत पाते धुऊ नये, अशी रीत होती. सर्व घरांचा रस एका पात्यावर मिसळला की गाव एक राहते, असे ते मानीत.

एका वर्षी पहिल्या कापानंतर अवेळी पाऊस झाला आणि माडांचे शेंडे पिवळे पडू लागले. मधला कोंब ओढताच सुटून येई. त्याच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि कुजका वास असे. माडाला कोंब एकच असतो. तो गेला की माड उभा राहतो, पण जगत नाही. सुतनाचा बालमित्र वासभ प्रथम हसून म्हणाला की माड स्वतःचीच माडी प्यायले असावेत, म्हणून त्यांची डोकी फिरली आहेत. पुढे कोणी हसेना. वडीलधाऱ्यांनी समुद्रातल्या यक्षाला दोष दिला आणि त्याला बळी देण्याचे ठरवले.

सुतनाने यक्षाविषयी वाद घातला नाही. तो एकेका माडावर चढून पाहत गेला. ज्या क्रमाने त्याने पहिला काप दिला होता, त्याच क्रमाने माड आजारी पडले होते. त्या आजारी माडांच्या मधोमध एका विधवेचे माड तेवढे हिरवेगार होते. तिच्या घरी सुतक असल्याने सुतन तिच्या अंगणात गेला नव्हता. तिने आपले माड स्वतःच्या कोयत्याने कापले होते.

सुतन खाली उतरला. हे अजून त्याच्याखेरीज कोणी ओळखले नव्हते. तो गप्प राहता तर त्याचे प्रमुखपद टिकले असते, आणि बाग गेली असती. सभेत त्याने सांगितले की आजार पात्यावरून पसरला, आणि ते पाते त्याच्या हाती होते. कोयता त्याने विस्तवात टाकला आणि आजारी माड तोडून त्यांचे शेंडे जाळावेत असे सुचवले.

गावाने जड मनाने मानले. वासभाने मानले नाही. त्याचा एकच माड आजारी होता. समुद्रात बुडालेल्या त्याच्या मुलाच्या जन्माच्या वेळी लावलेला.

“अजून हिरव्या झावळ्या आहेत त्याला,” तो म्हणाला.

“कोंब मेल्याचे झावळ्यांना उशिरा कळते, गड्या.”

“पहिला काप देताना तू वर होतास, मी खाली मडके धरून उभा होतो. आजार तू आणलास, आणि आता कुऱ्हाडही तूच आणतोस?”

“होय. दुसऱ्याने तोडला तर तू त्याच्यावर रागावशील. तो राग माझ्याकडेच असू दे.”

वासभ स्वतः वर चढला. त्याने कोंब हलकेच ओढला. तो सुटून हाती आला. खाली उतरून तो घरात गेला, आणि सुतनाने माड तोडला.

उरलेली बाग वाचली. पुढच्या हंगामापासून ज्याने त्याने आपापले माड आपल्या धुतलेल्या पात्याने कापले. पहिल्या कापाला गाव एकत्र जमेनासे झाले. वासभ सुतनाशी पुन्हा बोलला नाही. सुतन रोज पहाटे ताज्या रसाचे एक मडके त्याच्या दाराशी ठेवी. ते तसेच आंबून जाई. त्याच अबोल्यात वासभ वारला.

ही कथा सांगून, आता बुद्धपदाला पोचलेल्या शास्त्याने समोर बसलेल्या भिक्षूंकडे पाहिले. मग म्हणाला, “तेव्हाचे गावकरी म्हणजे आजची ही परिषद. सुतन मीच होतो. आणि वासभ म्हणजे माझ्यासाठी रोज पहाटे पाण्याचा घट आणून ठेवणारा हा भिक्षू कुंडल. आपण असे का करतो, हे त्याला ठाऊक नाही.”

त्या जन्मी आचरली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्ती, एवढे सांगून शास्ता तो घट उचलून पाणी प्यायला.