उतारावरच्या कुंड्या

सकाळी बरोबर नऊ वाजून सत्तावीस मिनिटांनी कोंडाईची खुर्ची अडली, आणि तिथूनच ही गोष्ट सुरू झाली.

धामणवाडी नावाच्या लहानशा गावात एक विरंगुळा केंद्र होते. म्हाताऱ्यांनी पेपर वाचावा, बायकांनी भजन म्हणावे, पोरांनी कॅरम खेळावा, अशी ती जागा. पण अंगण उन्हाने तापायचे आणि आत जायला सात उंच पायऱ्या. गुडघे धरलेली माणसे पहिल्या पायरीवरूनच परत फिरत.

केंद्राचे प्रमुख विश्वनाथराव. कोंडाई ही त्यांची आई. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती वर्षभर चाकाच्या खुर्चीत, घराच्या खिडकीशी बसून होती. तिचे मागणे एकच, "विशू, मरायच्या आधी एकदा माझ्या भजनात मला नेऊन बसव रे."

विश्वनाथरावांनी मनावर घेतले. पायऱ्यांशेजारी खुर्ची चढेल असा लांब उतार बांधून घेतला. मग गावाला म्हणाले, "आता सावली पाहिजे. घरटी एक झाड आणा."

आपल्या लोकांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. देवळाला घंटा दिली की घंटेवर नाव, शाळेला पंखा दिला की पात्यावर नाव. झाडे आली ती मातीच्या कुंड्यांतून, आणि प्रत्येक कुंडीवर तेलरंगाने लिहिलेले, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. नाव रस्त्यावरून वाचता यायला हवे. रस्त्यासमोर काय? तर नवा उतार! पहिली कुंडी खुद्द विश्वनाथरावांनी ठेवली. वडिलांच्या नावाची, बकुळीची, उताराच्या अगदी तोंडाशी. मागोमाग जास्वंद आली, मोगरा आला. कण्हेरसुद्धा आली, जी विषारी म्हणून मुलांच्या हाताशी ठेवूच नये. "आमच्या मामंजींची कुंडी मागे का?" म्हणून दोन घरे भांडली. बघता बघता उतार हिरवागार झाला. पाऊल ठेवायला जागा उरली नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

उताराच्या उद्घाटनाचा मुहूर्त नऊ सत्तावीसचा. त्याच घडीला कोंडाईची खुर्ची उतारापाशी आली आणि पुढची चाके बकुळीच्या कुंडीला टेकली.

"अहो, त्यात काय? चौघे मिळून खुर्ची उचलून वर नेऊ," कोणीतरी म्हणाले.

"मी काय गणपती आहे, वर्षातून एकदा उचलून न्यायला?" कोंडाई म्हणाली. "उद्या कोण उचलेल?"

मग तिने कुंडीवरचे नवऱ्याचे नाव वाचले. सावकाश, एकेक अक्षर.

"विशू, तुझ्या बापाला तू जागा दिलीस. माझीही कुंडी करून ठेव. मेल्यावर तरी वर जाईन."

विश्वनाथराव पेचात पडले. वडिलांची कुंडी हलवावी, तर भाऊबंद म्हणणार, बापाचा मान राखला नाही. दुसऱ्याची हलवावी, तर गाव तुटणार. त्यांची नजर खाली गेली. आईने आज नवी चप्पल घातली होती. चालता येत नव्हते, तरी.

त्यांनी वाकून बकुळीची कुंडी उचलली. उतार आणि कुंपण यांच्या मधल्या मातीत नेऊन ठेवली आणि कुदळ मागितली.

"काका, नाव जाईल की!" पुतण्या ओरडला.

"कुंडी फोड," कोंडाई म्हणाली. "मुळे तेवढी जप."

कुंडी फुटली. नावाचे तीन तुकडे झाले. बकूळ जमिनीत लागली.

मग मोगऱ्यावाली बाई पदर खोचून पुढे आली. मग दुसरे घर आले, तिसरे आले. एकाने मात्र रागाने आपली कुंडी घरी नेली. पण उताराच्या कडेने झाडांची रांग लागली. मोठी झाल्यावर त्यांची सावली उतारावरच पडणार होती. मुहूर्त कधीच टळून गेला होता, पण घड्याळ कोणी पाहिले नाही.

विश्वनाथरावांनी खुर्ची हळूहळू वर नेली. दाराशी कोंडाईने मागे वळून बकुळीकडे पाहिले.

"आता त्यांना नीट पाय पसरता येतील," ती म्हणाली, आणि टाळ मागितले.

तात्पर्य: गेलेल्यांची आठवण जिवंत माणसाची वाट अडवून राखली जात नाही, ती वाट मोकळी करण्यातच त्यांचा मान असतो. ही गोष्ट चार घरी सांगा. आणि सांगायला निघताना आपल्या उतारावर काही ठेवले असेल, तर ते आधी उचला.