डावा उतार

"पण एकटीनं का नाही, बाबा?"

उल्कानं हे विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी चहाच्या कपात तोंडं घातली. दर हिवाळ्यात ती हेच विचारायची, आणि दर हिवाळ्यात बाबा चुलीत नुसतं आणखी एक लाकूड सारायचे.

सुभेदारबाबा मूळचे पाटणकडचे. फौजेनं त्यांना बर्फावर नेलं, स्कीवर उभं केलं, आणि पेन्शन सुरू झाली तरी ते काही डोंगर सोडून खाली आले नाहीत. हिमाचलातल्या एका गावाच्या वर, देवदारांच्या कडेला त्यांचं लाकडी घर होतं. आमच्यासारखी हौशी मंडळी थंडीत तिथं जायची, बर्फ उपसायची, भांडी घासायची आणि जमेल तेवढं स्की शिकायची. बाबा शिकवायचे कमी, बघायचे जास्त.

उल्का मिरजेची. हट्टी म्हणजे किती हट्टी, काही विचारू नका. उतरायची मात्र झकास. आमच्यातलं कुणी तिच्या जवळपासही नव्हतं आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं. समोरच्या डोंगराचा माथा एकटीनं चढायचा आणि एकटीनं उतरायचा, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"का नाही?" ती पुन्हा म्हणाली.

बाबांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"जा," ते म्हणाले. "उतरताना डाव्या अंगानं यायचं. उजवीकडे जायचं नाही. माझ्या शब्दाबाहेर गेलीस, तर सॅक उचलायची आणि घरी जायचं. पुन्हा इथं यायचं नाही."

"कबूल."

डावा उतार आमच्या अंगणातून अख्खा दिसायचा. रुंद, मोकळा, बघूनच पाय शिवशिवावेत असा. उजव्या अंगाला खडक आणि दाट झाडी. तिकडचं इथून काही दिसत नसे.

सकाळी स्कीच्या तळाला चढणीच्या पट्ट्या चिकटवून उल्का निघाली. पट्ट्यांमुळे स्की पुढं सरकते, मागं घसरत नाही. ती चढत गेली आणि बघता बघता एवढासा ठिपका झाली.

दुपारी ठिपका माथ्यावर पोचला. तिला ऐकू जाणार नव्हतं, तरी आम्ही टाळ्या वाजवल्या. बाबा बाकावर बसून लसूण सोलत होते.

ठिपका डाव्या उताराच्या तोंडाशी आला. तिथंच थांबला. किती वेळ थांबावं माणसानं... मग मागं फिरला आणि कड्याआड दिसेनासा झाला.

डावा उतार रिकामाच. आमचा जीव टांगणीला लागला. भार्गव आमच्यातला सगळ्यात बोलका. ती पडली असणार, आपण निघायला हवं, असं त्यानं सुरू केलं. कुणी दोर शोधायला धावलं, कुणी बूट. लसूण सोलणारे बाबांचे हात थांबले होते.

तेवढ्यात घराच्या कडेच्या देवदारांतून स्कीचा आवाज आला.

उल्का! केसांत बर्फ, गालावर ओरखडा, आणि तोंडभर हसू. आमचा जीव भांड्यात पडला. तिचा आनंद तर अंगात मावत नव्हता. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, झाडांमधून वळण घेतलं की मांडीपर्यंत बर्फ उडायचा, आणि आपल्याला गाता येत नाही तरी आपण वरपासून खालपर्यंत मोठमोठ्यानं गात आलो, असं ती एका दमात सांगत सुटली.

मग तिला बाबा दिसले. ती सरळ उभी राहिली.

"मी उजवीकडून आले."

बाबांनी हातातला लसूण बाजूला ठेवला.

तिनं सगळं सांगितलं. डाव्या उताराच्या कडेवर पाऊल ठेवलं तसा पायाखालचा बर्फ धप्प करून खाली बसला आणि एक चीर सरसरत पुढं गेली. तिनं सोबतच्या छोट्या फावड्यानं खणून पाहिलं. वरचा थर टणक होता आणि त्याच्याखाली रव्यासारखा सुटा बर्फ. वरचा थर कधीही सगळा घसरून येईल, असं तिला वाटलं. ती उभी राहिली, बाबांचा शब्द आठवला, पुन्हा खणलं, पुन्हा तोच रवा. उजवीकडे निदान झाडांनी बर्फ धरून ठेवला होता.

"तुमचा शब्द मोडला, बाबा. पुन्हा तिथं उभी राहिले, तरी मोडीन."

भार्गवला गप्प बसवत नाही. त्यानं समोर बोट केलं. डाव्या उतारावर ऊन पडलं होतं. एक ढेकूळसुद्धा घसरलं नव्हतं. इतका वेळ तो जागचा हललेला नाही, तिथूनही ती आरामात आली असती, उगाच शब्द मोडला, असं त्याचं म्हणणं. आणि खोटं तरी कसं म्हणावं? उतार साळसूदासारखा पडून होता.

उल्कानं तिकडे पाहिलं.

"आले असते कदाचित," ती म्हणाली, आणि घरात जाऊन आपली सॅक भरायला लागली. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती. भरलेली सॅक घेऊन ती उंबऱ्याशी आली, तेव्हा पायात अजून स्कीचेच बूट होते. त्यांची बक्कलं गोठली होती आणि तिच्या बधिर बोटांना ती सुटेनात.

बाबा उठले. तिच्या हातातली सॅक काढून घेतली, बाजूला ठेवली आणि तिला उंबऱ्यावर बसवलं. मग स्वतः खाली बर्फात गुडघे टेकून बसले आणि तिचा पाय मांडीवर घेऊन एकेक बक्कल सोडवायला लागले.

"बाबा, नको... पाय..." ती पाय मागं घ्यायला लागली.

त्यांनी पाय सोडला नाही. दुसऱ्या बुटाचं शेवटचं बक्कल सुटलं.

मान वर न करता बाबांनी विचारलं,

"उद्या मला वर जायचंय. कुठून उतरू?"