भिंतीला भरती

फार वर्षांपूर्वीची म्हणून ही गोष्ट सांगतात, पण तिची ओल अजून वाळलेली नाही. चीनमधलं शेन्झेन शहर आज आभाळाला टेकलंय. तेव्हा तिथं भातखाचरं होती, खाडी होती आणि खाडीकाठी कालवं काढणाऱ्यांचं एक गाव होतं. घरांच्या भिंतीही कालवांच्या शिंपल्यांच्याच.

त्या गावात शुईकाका राहायचा. भरती यायची झाली की त्याच्या घराची भिंत घुमायची, असं म्हणतात. काका भिंतीला कान लावून सांगायचा, तेव्हाच ओहोटीला कालवं काढायला उतरलेलं गाव चिखलातून वर यायचं. कधी कुणी बुडालं नाही.

मग शहर आलं. खाडी बुजवून जमीन करायची होती. साहेबांनी काकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "काका, खाडीचा तळ तुमच्याइतका कुणाला ठाऊक? भराव कुठं टिकेल तेवढं दाखवा."

बायको मेलान म्हणाली, "अहो, गप्प बसा. तुमची पाठ थोपटतायत आणि घर मागतायत."

"अगं, एवढीशी तर जागा. समुद्र काय आटणार आहे?"

काकानं ऐटीत बांबू रोवून टणक तळ दाखवला. कालवंही तिथंच चिकटून वाढायची. पहिली माती तिथंच पडली.

डोंगर फोडून खाडीत ओतले. कारखाने आले, मग मनोरे. गावाचं भलंही झालं, खोटं कशाला बोला! पण समुद्र लांब गेला आणि भिंत मुकी झाली. काका रोज कान लावायचा. मेलाननं त्याला एकदाही बोल लावला नाही, आणि तेच त्याला फार लागलं.

एका सकाळी तो बादली घेऊन निघाला. लांबून समुद्राचं पाणी आणलं, भिंतीच्या पायाशी ओतलं आणि म्हणाला, "चुकलो गं बाई. घे, भरती आली." भिंत हलकेच घुमली, असं म्हणतात. मग तो रोज जाऊ लागला. समुद्र आणखी मागं सरायचा, काकाची वाट आणखी वाढायची. एक दिवस तो परतलाच नाही. त्या दिवशी भिंतीला पुरुषभर उंच खारी ओल चढली. नव्या मनोऱ्यासाठी घर पाडायला आलेल्यांनी ती ओल पाहून पहारी खाली ठेवल्या.

दोन मनोऱ्यांच्या मधे ती भिंत अजून आहे. दरवर्षी त्या दिवशी चिखल कधी न पाहिलेली पोरंपोरी मेट्रोनं समुद्रावर जातात, बाटलीत पाणी आणतात, भिंतीशी ओततात आणि म्हणतात, "काका, भरती आली." मग कान लावून उभी राहतात. ऐकू काहीच येत नाही. तरी पुढच्या वर्षी पुन्हा बाटली भरून आणतात.