काकूंनी दिलेली खातरी

मिरजेत आम्ही अनसूयाकाकूंच्या खानावळीत जेवायचो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्यातल्या विनायक घाणेकरला अमेरिकेचं विमानभाडं कमी पडलं, तेव्हा काकूंनी हातातल्या पाटल्या मोडून त्याला पैसे दिले. पुढे चार वर्षं तो गप्पच. काकूंनी पैसे मागितल्यावर शेवटी त्याचं एक पत्र आलं: "कसले पैसे? कागद आहे का?" त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत.

काही दिवसांनी दप्तरदार नावाचे निवृत्त मामलेदार खानावळीत आले. त्यांच्या मुलीसाठी घाणेकरचं स्थळ सांगून आलं होतं. त्यांनी ऐटीत विचारलं, "मुलगा तुमच्याकडे जेवायचा म्हणे. कसा आहे?"

आमचे घास हातातच राहिले.

काकू शांतपणे म्हणाल्या, "वस्तू जपण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. माझ्या पाटल्या चार वर्षं अमेरिकेत सांभाळतोय, मागितल्या तरी सोडत नाही. तुमच्या मुलीचे दागिनेही असेच सांभाळेल!"

मामलेदारांनी खुर्ची ओढून सगळी हकीकत ऐकली आणि तिथूनच घाणेकरला पत्र लिहिलं. महिन्याभरात व्याजासकट पैसे आले.

काकू सराफाकडे निघाल्या, तेव्हा खानावळीतली आम्ही वीस पोरं त्यांच्यामागून चालत होतो. तशी मिरवणूक मी पुन्हा पाहिली नाही.