सादड्याची तीन बोटं साल

झिपरीचं घर होतं एवढंसं, कुडाच्या भिंतींचं. तिचे बाबा साऱ्या पाड्याला झाडपाल्याची औषधं द्यायचे, आणि आता तेच अंथरुणावर धापा टाकत होते.

"अर्जुनसादड्याची साल आण, पोरी. पन इचारून घे झाडाला. आन खोडाभोवती पुरं कडं सोलू नको, मरतंय ते."

ओढ्याकाठी पांढराशुभ्र सादडा उभा होता. पण हाय रे दैवा! कुणा अधाशानं आधीच त्याला सोललं होतं. खोडावर उरली होती फक्त तीन बोटं रुंद सालीची उभी पट्टी. बाबांच्या काढ्याला तेवढी पुरली असती आणि झाड मेलं असतं.

झिपरीनं खोडावर हात ठेवून विचारलं. कोयती उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग ती रडूच लागली.

तेवढ्यात सालीतून एक चिमुकली परी उतरली. पंख गुलाबी, झगा तांबूस, केसांत सोनेरी चमचम.

"तू कोण गं?"

"मी सालीतली. माझ्या लाखो इवल्या बहिणी इथं राहतात. कोयतीला गंज चढतो ना, तसा थकलेल्या शरीरालाही चढतो. आम्ही तो अडवतो, आधी झाडाचा, मग माणसांचा. माग एक इच्छा. पण ती एकाच जिवासाठी हं, आणि खोडावरचं ऊन उतरायच्या आत."

ऊन भराभर उतरत होतं. झिपरीला बाबांची धाप आठवली.

"सादड्याला साल दे," ती म्हणाली.

"आणि बाबा?"

"त्यांना मी बरं करीन. काढा येतो मला. झाडाला साल लावाया नाय येत."

परीची मान अभिमानानं ताठ झाली. तिनं टाळी वाजवली. खोडभर नवी, गुलाबी साल सरसर चढली! झिपरीनं पुन्हा झाडाला विचारलं आणि हातभर पट्टी तेवढी सोलली.

"शहाणी गं माझी," परी म्हणाली आणि लखलख उजेडात विरून गेली.

झिपरीनं रोज काढा उकळला. पंधराव्या दिवशी बाबा ओट्यावर येऊन बसले. इतक्यात एक म्हातारी काठी टेकत आली.

"वैदू हाय का घरात?"

"हाय की," बाबा छाती फुगवून म्हणाले. "झिपरे, ये गं भाइर. तुझ्याकडं आल्यात."