कासाराची वाढीव पानं

खाडीकाठच्या गावात एक कासार राहायचा. बाळकोबा त्याचं नाव. बांगड्या भरताना एकदा मनगट धरलं, की ते बाईच्या नावासकट त्याच्या ध्यानात राहायचं. पण दुपारी ओट्यावर गंजिफाची गोल पानं मांडली, की बायकोपुढे, आनंदीपुढे, त्याचं काही चालायचं नाही. दहा रंग, एकेका रंगाची बारा पानं. कोणतं पान पडून गेलं हे ज्याला आठवतं, त्याचा डाव. आनंदीला सगळं आठवायचं.

तिसरा गडी शेजारचा धाकू गुरव. तो रोज डिवचायचा, "कासारा, बायकोकडे शिकवणी लाव!"

बाळकोबाला ते फार लागायचं.

एकदा टळटळीत उन्हात गंजिफाची पानं रंगवणारी एक चितारीण दारात आली. कुत्रं भुंकलं नाही, शेपूट घालून ओट्याखाली शिरलं. बाईची सावली कुठे पडलेली दिसेना.

"अकरावा रंग आणलाय," ती म्हणाली. "ही बारा पानं वाढवा. मग तुम्ही हरणार नाही."

"काय घेशील?"

"पैसा नको. नव्या पानांना डोक्यात जागा लागते. तेवढी मी रिकामी करून घेईन."

"घे की! तिथं रिकामी जागाच जास्त आहे, असं आमची बायको म्हणते," बाळकोबा हसला आणि त्यानं पानं घेतली.

पानांवर बायकांचे हात रंगवले होते. नुसतेच हात, मनगटापासून पुढचे. त्या दिवशी बाळकोबा जिंकला. पडलेलं एकूण एक पान त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं.

आनंदी मात्र एका पानाशी थबकली. "अहो, हा आपल्या गोदीचा हात. अंगठ्यावर भाजल्याचा डाग बघा."

"कोण गोदी?"

आनंदीनं पान त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. "असं काय करता? आपली सासरी गेलेली लेक!"

"हरलीस म्हणून काहीही बरळू नकोस."

आठ दिवसांत आनंदीला अकरावा रंगही पाठ झाला. बाळकोबा पुन्हा हरू लागला, धाकू पुन्हा खिदळू लागला. आणि तशाच उन्हात चितारीण पुन्हा दारात उभी राहिली.

तिनं बारावा रंग मांडला. अकरा पानांवर हात होते. राजाचं पान कोरं होतं.

"हे कोरं का?"

"तुम्ही हो म्हणालात की उमटेल."

आनंदी धावत दाराशी आली. चौकट घट्ट धरून म्हणाली, "पाया पडते तुमच्या, घेऊ नका. हरलात तर घरातच हरलात ना!"

बाळकोबानं चौकटीवरचा तिचा हात पाहिला. मग कोरं पान पाहिलं. त्याला सगळं कळलं. 'एकदाच जिंकतो आणि पानं परत करतो,' असं त्यानं मनाशी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

कोऱ्या पानावर ओला रंग वर आला.

त्या दुपारी त्यानं एकही डाव सोडला नाही. बाळकोबानं खुशीत मान वर केली. समोरच्या बाईला म्हणाला, "खेळता झकास हो तुम्ही! कोणाकडच्या?"

आनंदीनं नुसता हात पुढे केला. त्यानं तो धरला, हलकेच दाबून माप घेतलं, कुठल्याही गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं.

"सव्वादोन," तो म्हणाला. "हिरव्या भरू की लाल?"

तात्पर्य: आपल्या माणसाला हरवण्यासाठी पानं वाढवत जाऊ नये; डाव मिळतो, पण ज्याच्याशी खेळायचं ते माणूस उरत नाही.